दिवाळीनंतर फवारणी पंपाचं इंजिन जाम: दोरीला लोंबकळण्याआधी हे बघा

दरवर्षीचं ठरलेलं आहे. पाऊस जातो, दिवाळी होते, आंब्याच्या कलमांना पालवी फुटते आणि पहिल्या फवारणीसाठी मांगरातला, म्हणजे बागेतल्या खोपटातला, पंप बाहेर येतो. मे महिन्यात दुसऱ्या ओढीत सुरू होणारं इंजिन, आता दोरी वीतभरसुद्धा येत नाही. मग एकाने सेटवर पाय द्यायचा, दुसऱ्याने दोन्ही हातांनी ओढायचं आणि शेवटी दोरीची मूठ हातात घेऊन मागे पडायचं.

मी मेकॅनिक नाही, बागायतदार आहे. पण स्वतःचं इंजिन दोन वेळा जाम करून बसलो, त्यातून जे हाती लागलं त्यावर वाडीतली बरीच इंजिनं सोडवली. इथे लिहितोय ते आपल्याकडच्या एचटीपी सेटवरच्या (इंजिन आणि जास्त दाबाचा फवारणी पंप पट्ट्याने जोडलेला सेट) चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाबद्दल, म्हणजे होंडाचं जीएक्स १६० आणि त्याच धाटणीची १६३ सीसीची जी असंख्य इंजिनं मिळतात ती. पाणी उपसायच्या पंपावर, छोट्या जनरेटरवर, पॉवर टिलरच्या लहान भावंडावर हेच इंजिन असतं, त्यामुळे तिथेही हे चालेल. ग्रासकटरचं दोन-स्ट्रोक इंजिन वेगळ्या जातीचं, त्याचं शेवटी थोडक्यात सांगतो.

जाम इंजिन आहे की दुसरंच काही?

मागच्या वर्षी शेजारचे काका दोरी तोडूनच पंप घेऊन आले.

"काका, किती जोर लावलात?"

"मी नाही रे, दोघा गड्यांनी मिळून ओढली. इंजिन गेलं बघ कामातून."

मी पहिल्यांदा पट्टा काढला. तुटलेली दोरी राहू दे, पुली हाताने फिरवली तर इंजिन लोण्यासारखं फिरलं. जाम होता तो फवारणीचा पंप. भुरीसाठी मारलेल्या गंधकाचं उरलेलं पाणी मे महिन्यापासून आत तसंच होतं आणि तीन पिस्टनच्या त्या पंपात त्याचा दगड झाला होता. इंजिनाला कोणी हातही लावायची गरज नव्हती. दोरी मात्र नवीन घालावी लागली.

म्हणून पहिलं काम, पट्टा उतरवा. इंजिन आणि पंप वेगळे करून दोन्ही पुल्या एकेक करून हाताने हलवून बघा.

इंजिनाची पुली हलत नसेल तर दोरीचं कव्हर काढा. तीन बोल्ट असतात, १० नंबरची गोटी (सॉकेट पाना) लागते. कव्हर हातात आल्यावर दोरी ओढून बघा. तेव्हाही दोरी अडकत असेल तर दोष त्या चकतीत आणि स्प्रिंगमध्ये आहे. दोरी मोकळी असेल तर ब्लोअरचं मोठं कव्हरही काढून आत बघा. उंदरांना ही जागा फार आवडते. एकदा मी तिथून नारळाच्या सोडणाचा काथ्या, सुपारीची सालं आणि कोणाच्या तरी गणपतीच्या मखराचा थर्माकोल असं ओंजळभर सामान काढलंय. फ्लायव्हीलच्या, म्हणजे दोरीमागच्या जड चाकाच्या, पंख्यात ते इतकं घट्ट दाबून बसलं होतं की इंजिन जामच वाटावं.

यानंतर प्लग काढा. टोपी काढून वायर प्लगच्या भोकापासून लांब बाजूला करून ठेवा, कारण पुढे आतून पेट्रोल उडू शकतं आणि तिथे ठिणगी नको. प्लग काढल्यावर इंजिन फिरवून बघा. फिरलं आणि भोकातून पेट्रोल किंवा तेलाची पिचकारी आली, तर ते जाम नव्हतंच. कॉक उघडा राहिला, कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई गळली आणि टाकी हळूहळू सिलिंडरमध्ये उतरली. किंवा टेम्पोतून आणताना सेट आडवा पडला आणि खालचं ऑइल वर गेलं. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. अशा वेळी प्लग जागेवर ठेवून दोघांनी जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. भोकावर फडकं धरून दहा-पंधरा वेळा फिरवा, सगळं बाहेर येऊ दे. खालच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते ऑइल टाकून द्या.

प्लग काढूनही हललं नाही, तर मग खरंच धरलंय.

कुठल्या जातीचं धरलंय

हे ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रश्न एकच विचारायचा: शेवटचं बंद झालं ते कसं?

चालता चालता आवाज जड झाला, ताकद गेली आणि झटक्यात थांबलं असेल, तर ते ऑइल कमी पडून धरलेलं आहे. या इंजिनात कनेक्टिंग रॉड अॅल्युमिनियमचा असतो आणि तो क्रँकवर थेट फिरतो, मध्ये वेगळं बेअरिंग नसतं. ऑइलचा पदर तुटला की रॉडचं अॅल्युमिनियम क्रँकला चिकटतं, नाहीतर पिस्टनचं अॅल्युमिनियम लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) फासलं जातं. अशा इंजिनात तेल ओतून वाट बघण्यात अर्थ नाही. कदाचित ते फिरेलही, पण तासाभरात रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडेल. ते उघडायचंच.

व्यवस्थित चालताना बंद केलं, नेऊन ठेवलं आणि ठेवल्या जागी धरलं, तर तो गंज आहे. आपल्याकडची बहुतेक इंजिनं या जातीची, आणि सुटणारीही हीच.

यात काय होतं ते समजून घेतलं तर हात आपोआप हलका पडतो. सिलिंडर अॅल्युमिनियमचा, पण आतला लायनर बिडाचा. पिस्टन अॅल्युमिनियमचा, पण त्यावरच्या रिंगा लोखंडी जातीच्या. इंजिन थांबताना एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला की सायलेन्सर किंवा एअर फिल्टरच्या वाटेने बाहेरची हवा थेट आत. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलैत चपलेला बुरशी येते, मग बिडाच्या लायनरचं काय होणार! जळक्या पेट्रोलची काजळी हा ओलावा धरून ठेवते आणि रिंग जिथे लायनरला टेकलेली असते तिथे दोन्हीचा गंज एक होतो. म्हणजे अख्खा पिस्टन धरलेला नसतो. धरलेली असते ती दोन-तीन रिंगांची बारीक रेघ. तेवढ्यापुरतं तेल तिथे पोचवायचं आहे.

तेल घालणे आणि गप्प बसणे

पहिल्यांदा टाकीतलं पेट्रोल काढा, कॉक बंद करा, खालचं ऑइल काढा. आता ही गोष्ट बरेच जण चुकतात: या इंजिनाचा सिलिंडर उभा नसतो, बराच आडवा तिरपा असतो. सेट जमिनीवर ठेवून प्लगच्या भोकातून तेल ओतलं तर ते सिलिंडरच्या खालच्या अंगाला साचतं आणि वरचं अंग कोरडंच राहतं. इंजिन सेटवरून सोडवा आणि हेड आभाळाकडे येईल असं दोन विटांच्या मध्ये उभं करा. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. आठ दिवस तेल पाजलं आणि काही झालं नाही.

पिस्टन कुठे आहे ते बघायला माडाचा हीर (झावळीच्या पातीतली काडी) घ्या. लांब, अख्खा. प्लगच्या भोकातून हलकेच आत सरकवा आणि टेकला की नखाने खूण करा. लगेच टेकला तर पिस्टन वर आहे, बराच आत गेला तर खाली. या इंजिनात पिस्टनची धाव ४५ मिलिमीटर आहे, त्यावरून अंदाज येतो. स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, पिस्टनच्या डोक्यावर चरे पडतात.

तेल कुठलं यावर वाडीत दोन पक्ष आहेत. एक पक्ष रॉकेलचा, पण रॉकेल आता आणायचं कुठून? दुसरा स्प्रेच्या डब्याचा. स्प्रे चांगला, पण पातळ असल्याने रिंगांच्या फटीतून रातोरात खाली उतरतो. मी डिझेल आणि गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल निम्मं निम्मं वापरतो. डिझेल शिरतं, लाल तेल टिकतं. काही जण लाल तेलात अॅसिटोन घालतात. ते शिरायला उत्तम, पण दोन्ही नीट मिसळत नाहीत, दर वेळी हलवून घालावं लागतं, आणि अॅसिटोन पटकन पेट घेतं. मांगरात चूल आणि विडी दोन्ही असतात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

पिस्टन अगदी वर असेल तर वर जागा जेमतेम वीसेक मिली असते, खाली असेल तर त्याहून बरीच जास्त. चार-पाच चमचे घाला, प्लग हाताने नुसता अडकवा म्हणजे आत कचरा पडणार नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जा. सकाळी हीर घालून बघा. तेल खाली उतरलं असेल तर आनंदाची गोष्ट आहे, रिंगांच्या कडेने वाट झाली. पुन्हा भरा. असं निदान तीन दिवस. माझं स्वतःचं इंजिन सहाव्या दिवशी सुटलं.

मध्ये मध्ये सिलिंडरवर लाकडाचा ठोकळा धरून बाहेरून हलके ठोके देत जा, पण सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्यांवर नको, ती ताडकन तुटतात. प्लग घट्ट लावून बाहेरून उकळतं पाणी ओतायचा उपाय मी दोनदा केला. एकदा उपयोग झाला, एकदा नाही. ब्लो टॉर्च मात्र या तेलाच्या आसपासही आणू नका.

फिरवायचं कसं

दोरीने नाही. दोरी झटका देते, आपल्याला रेटा हवाय.

पट्ट्याची पुली अजून शाफ्टवर असेल तर तिच्यासारखं हत्यार नाही. जुन्या पट्ट्याचा तुकडा तिच्या खाचेत दीड वेढा घालून एक टोक पायाखाली दाबा, दुसरं हाताने ओढा. मग वेढा उलटा घालून दुसऱ्या दिशेने. पुढे-मागे, पुढे-मागे. दुसऱ्या बाजूला फ्लायव्हीलच्या नटावर १९ची गोटी बसते. फ्लायव्हीलकडून बघितलं तर इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं आणि नटही त्याच दिशेने आवळतो, त्यामुळे त्या दिशेने रेटा देता येतो. पण तो नट ७५ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. पान्याला लांब पाइप लावून त्याच्या दुप्पट जोर केलात तर आटे तरी जातील नाहीतर फ्लायव्हील शाफ्टवर धरून ठेवणारी चावी तरी. उलट दिशेने नट सुटतोच, म्हणून तिकडे फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून हलवायचं. छिन्नी लावून फ्लायव्हीलच्या पात्यांवर हातोडी मारणारे मी बघितलेत. एक पातं तुटलं की इंजिन सुरू झाल्यावर जन्मभर थरथरतं.

सुटतं तेव्हा धाडकन सुटत नाही. आधी पुलीवर खडूने मारलेली खूण केसभर सरकते, इतकी की आपल्यालाच भास वाटतो. मग परत आणताना आतून 'चुर्र' असा बारीक आवाज येतो, ओल्या वाळूवर डबा ओढावा तसा. इथे हात आवरा! एकदम पूर्ण फेरी मारायला जाऊ नका. रिंग अजून गंजाच्या खरखरीतून चालली आहे, जोर केला तर ती तुटते. अजून थोडं तेल, पुन्हा पुढे-मागे, दर वेळी बोटभर जास्त. माझ्या इंजिनात या टप्प्याला तेल हळदीच्या रंगाचं होऊन प्लगच्या भोकातून वर आलं, फडक्यावर घेतलं तर बोटाला कुंकवासारखी बारीक पूड लागली. पूर्ण फेरी व्हायला त्यानंतर अर्धा दिवस गेला.

सहा-सात दिवसांनीही खूण हलली नाही तर हेड काढा. चार बोल्ट आहेत, तिरपे आलटून पालटून सैल करायचे. आता पिस्टन समोर दिसतो. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून लाकडी हातोडीने ठोकता येतं, पण पिस्टन धावेच्या मध्ये कुठेतरी असेल तरच. अगदी वर किंवा अगदी खाली असताना ठोकलं तर क्रँक वळतच नाही, सगळा मार रॉडवर जातो. तेव्हा पुलीवरूनच रेटा द्यायचा.

सुटलं म्हणून लगेच सुरू करू नका

हेड काढलं असेल तर पिस्टन तळाला नेऊन लायनर बघा. नुसता तपकिरी डाग असेल, नख फिरवलं तर अडत नसेल, तर ऑइल लावलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने तिरप्या रेघा पडतील असं हलक्या हाताने घासा, दोन्ही बाजूंनी. पूड सगळी फडक्याने टिपून घ्या, कारण ती रिंगांमध्ये अडकली तर घासकाम पुढेही चालूच राहील. नख अडलं, खड्डा लागला, तर इंजिन चालेल पण ऑइल पिईल. दोन हंगाम निघतात असा माझा अनुभव. बसवताना गॅस्केट नवीन घाला आणि चारही बोल्ट तिरपे, टप्प्याटप्प्याने २४ न्यूटन-मीटरला आवळा.

हेड काढलं नसेल तरी वरचं छोटं व्हॉल्व्ह कव्हर काढाच. पिस्टन जाम होतो त्याच ओलाव्याने व्हॉल्व्हची दांडीही गाइडमध्ये धरते. हळू फिरवत दोन्ही रॉकर बघा, दोन्ही दबून परत वर यायला हवेत. एखादा दबलेला तसाच राहिला तर दांडीवर तेल घाला, प्लॅस्टिकच्या हातोडीने टिचक्या मारा, परत फिरवा. हे न बघता सुरू केलं की पुशरॉड वाकतो, आणि मग माणूस म्हणतो, "सुटलं होतं, पण चालू होत नाही."

वरून घातलेलं सगळं तेल रिंगांतून खाली उतरलेलं असतं. काढून टाका. नवीन ऑइल ६०० मिलीच्या आतबाहेर लागतं. ऑइलच्या झाकणाची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची.

प्लग न लावता, वायर बाजूलाच ठेवून, दोरी वीसेक वेळा ओढा म्हणजे वरचं तेल निघून जाईल. कार्बोरेटरची वाटी उघडून आतला चिकट साका धुवा, ताजं पेट्रोल घाला, प्लग ०.७ ते ०.८ मिलिमीटर गॅपने लावा. सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं पांढरा-निळा धूर निघतो, घाबरू नका, सायलेन्सरमध्ये गेलेलं तेल जळतंय. अर्ध्या तासाने तो थांबायला हवा. पहिला तासभर फवारणीचा पूर्ण दाब देऊ नका, आणि पहिल्या दिवसाअखेर ऑइल परत बदला. ते काळं नाही, विटकरी निघेल.

ग्रासकटरवाल्यांसाठी

सायलेन्सरचे दोन स्क्रू काढा. एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन थेट दिसतो. त्यावर उभे चरे असतील तर ऑइल न मिसळता पेट्रोल घातलं गेलंय. तेल पाजून काही होणार नाही, पिस्टन-सिलिंडरचा सेट बदला. पिस्टन गुळगुळीत असेल तर वरचीच तेलाची रीत करा. मिश्रण २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली ऑइल, ५० ला १ म्हणजे २० मिली. आपल्या मशीनवर काय लिहिलंय ते बघा. आमच्याकडे एका गड्याने मोटरसायकलच्या कॅनमधलं साधं पेट्रोल घातलं होतं. दोन्ही कॅन पांढरे, त्याची काय चूक? तेव्हापासून मिश्रणाचा कॅन लाल रंगवलाय.

पुढच्या दिवाळीला हेच नको असेल तर

मे अखेर, पहिला वळीव पडण्याआधी एक तास काढा. टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वाटीचा बोल्ट सैल करून उरलेलं काढा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. चार महिने ते आत ठेवणं म्हणजे टाकीत गंजाचं बी पेरणं. प्लग काढून दोन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल घाला, दोरी दोन-तीनदा ओढा म्हणजे लायनरला लागेल, प्लग लावा. मग दोरी अगदी हळू ओढत न्या, जड लागेल तिथे थांबा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आत हवा जात नाही. या एका गोष्टीने माझं जाम व्हायचं थांबलं. बाकी सगळं मी आधीही थोडंफार करत होतो. फवारणीचा पंपही तेव्हाच स्वच्छ पाणी चालवून रिकामा करा, काकांचा दगड आठवा.

मांगरात सेट खताच्या गोणीजवळ किंवा माडांना घालायच्या मिठाजवळ ठेवू नका. दोन्ही ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. फळीवर, जमिनीपासून वर ठेवा.

सायलेन्सरच्या तोंडात तेलात बुडवलेलं फडकं कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. फडकं लाल घ्या आणि त्याचं टोक हातभर बाहेर लोंबू दे. काकांनी यंदा पांढरं कोंबलं, तेही पूर्ण आत, आणि नोव्हेंबरात परत माझ्याकडे आले: "फिरतंय रे छान, पण चालूच होत नाही."